जामीन मागितला आणि ‘काळ’ थांबला

दरवर्षी ६ जानेवारीस पत्रकार दिन येतो आणि बुलढाणा जिल्ह्यातही बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली काढलेल्या ‘दर्पण’चे स्मरण होते. व्यासपीठावरून लोकमान्यांच्या मंडालेचा दाखला दिला जातो, आणि लेखणी तुरुंगाला भीत नाही या वाक्यास हमखास टाळ्या पडतात. ते वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. छोटे पत्र बंद पाडावयाचे असेल तर संपादकास कोठडीत घालण्याची गरजच नसते, ही गोष्ट शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ पत्राच्या चरित्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी ‘केसरी’च्या इतिहासात दिसत नाही.

परांजपे मूळचे महाडचे, संस्कृतचे व्युत्पन्न पंडित, पुण्यातील महाराष्ट्र कॉलेजातील प्राध्यापक. २५ मार्च १८९८ रोजी त्यांनी ‘काळ’ सुरू केले. राज्यकर्त्यांना थेट शिव्या न देता स्तुतीच्या मिषाने त्यांची पिसे काढणारी त्यांची वक्रोक्ती मराठीत नवी होती. ती वाचून तरुण हसत आणि मग अस्वस्थ होत. सरकारी भाषांतरकारांची मात्र या शैलीने पंचाईतच झाली असावी, कारण उपरोधाचे इंग्रजी भाषांतर केले की उरते ती निव्वळ स्तुती! ताकिदी येत राहिल्या आणि पत्र चालत राहिले.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि सरकारचा संयम संपला. जूनमध्ये परांजपे यांना अटक झाली. त्यांच्या बचावाच्या खटपटीसाठी मुंबईस गेलेल्या टिळकांनाच २४ जून रोजी तेथे पकडण्यात आले. परांजपे यांना राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वऱ्हाडचा कारभार तेव्हा ज्या नागपुराहून चाले, तेथील ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही त्याच साली तुरुंगात गेले.

येथवरची कथा व्यासपीठावर सांगितली जाते. पुढचा भाग सहसा राहून जातो. परांजपे १९०९ मध्ये सुटले तेव्हा त्यांची लेखणी शाबूत होती आणि वाचकही होता. मग आला १९१० चा मुद्रण कायदा. नवा छापखाना काढणाऱ्याने पाचशे ते दोन हजार रुपयांची अनामत भरावी, चालू छापखाना व पत्र यांच्याकडूनही आक्षेपार्ह मजकुराबद्दल ती मागता यावी, आणि मजकूर पुन्हा खटकला तर ती जप्त व्हावी, अशी त्याची रचना होती. आक्षेपार्ह काय, हे प्रथम सरकारने ठरवावयाचे. उच्च न्यायालयाची पायरी जप्तीनंतरची. म्हणजे आरोप, निकाल आणि वसुली एकाच हाती. ‘काळ’कडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला. त्या काळी ही रक्कम एकट्या माणसाच्या पत्राने कोठून आणावी? ‘केसरी’मागे संस्था होती, माणसे होती, म्हणून टिळक मंडालेस असतानाही तो निघत राहिला. ‘काळ’मागे परांजपे होते. पत्र बंद झाले. पुढे त्यातील निबंधांचे खंडही सरकारजमा करण्यात आले.

कोठडीने जे साधले नाही ते अनामतीने साधले, हा धडा राज्यकर्ते विसरले नाहीत. १९१० चा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, तरी १९३१ मध्ये अनामत परत आली. स्वतंत्र भारतानेही १९५१ च्या कायद्यात काही वर्षे ती ठेवली, आणि आणीबाणीत १९७६ च्या आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंधक कायद्याने ती पुन्हा उभी केली. मुंबईत ‘ओपिनियन’ हे छोटे इंग्रजी पत्र चालविणारे निवृत्त सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांना त्या काळात छापखाने मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी चक्रमुद्रित प्रती वाटल्या. संपादक बधत नसेल तर मुद्रकास गाठावे, ही युक्ती १९१० चीच.

आज अनामत नाही. राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केले. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १५२ वे कलम आले, त्याचा आवाका कमी आहे असे म्हणवत नाही. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याने जुन्या १८६७ च्या कायद्यातील तुरुंगवासाची भीती बव्हंशी काढली, आणि तिच्या जागी दंड ठेवला. नोंदणीवाचून पत्र काढल्यास तो पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो. सुधारणा म्हणून याचे स्वागत झाले. मलकापूर वा चिखलीच्या साप्ताहिकवाल्याने मात्र ते परांजपे यांच्या अनुभवाच्या उजेडात वाचावे.

त्याचे उत्पन्न म्हणजे काही वर्गण्या, जाहीर नोटिसा, वाढदिवसांच्या जाहिराती आणि शासनमान्य यादीत नाव असल्यास सरकारी जाहिराती. बांधकामातील घोटाळा त्याने छापला की जाहिरातदार फोन उचलत नाही. मग बदनामीची फिर्याद येते. अंक जेथे वाचला गेला तेथे ती दाखल होऊ शकते, आणि निकाल काहीही लागो, वकिलाची फी आणि तारखांची पायपीट पहिल्या दिवसापासून सुरू होते. खटला जिंकेपर्यंत अंक निघतच नसेल तर जिंकण्याचा उपयोग तो काय?

यावर न्यायालये एकटी तोड काढू शकणार नाहीत. जिल्ह्यातील पत्रकार संघांनी सत्कारांचा खर्च कमी करून खटल्यांसाठी सामाईक निधी उभारावा. वकील संघांनी अशा प्रकरणांत आळीपाळीने विनाशुल्क उभे राहावे. सरकारी जाहिरातींच्या यादीतून नाव का वगळले याचे लेखी कारण शासनाने द्यावे. आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी या वाचकांनी फुकट अंकाची सवय सोडून वर्गणी भरावी. परांजपे यांनी १९२० मध्ये ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढून पुन्हा आरंभ केला, तो दहा वर्षांनंतर. ती दहा वर्षे ‘काळ’च्या वाचकांना ‘काळ’वाचून काढावी लागली.