केंद्रकात 'एक्स' नसतात!

दहावीच्या वर्गात मी दरवर्षी एक गंमत करतो. मुलांना सांगतो, पेशीचं केंद्रक काढा आणि त्यात गुणसूत्रं दाखवा. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच चित्र: एक वर्तुळ आणि त्यात पोहणारे इंग्रजी 'एक्स'. चूक मुलांची नाही. फळ्यावर तो 'एक्स' मीच काढलेला असतो.

गुणसूत्राचा हा आकार फक्त पेशीविभाजनाच्या वेळी दिसतो. एरवी तो लांबलचक, सैल धागा असतो. एवढं एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. माझं म्हणणं, थांबायचं ते इथेच. कारण धागा कुठे आणि कसा ठेवलाय यावर पेशीचं बरंच काम अवलंबून असतं.

आधी मापं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो, आणि केंद्रक असतं साधारण 6 मायक्रोमीटरचं. हे आकडे मुलांना भिडत नाहीत. म्हणून सगळं दहा हजार पट मोठं करून सांगा: टेनिसच्या चेंडूहून जरा लहान गोळा, आणि त्यात 46 तुकड्यांत मिळून 20 किलोमीटर दोरा, केसाहून बारीक! पण गंमत म्हणजे हा दोरा गोळ्याची जेमतेम पाच-सहा टक्के जागा व्यापतो (गणित मुलांकडूनच करून घ्या). म्हणजे अडचण जागेची नाही, गुंत्याची आहे.

हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर डीएनए गुंडाळलेला असतो, हे आपण शिकवतो. पण केंद्रकात प्रत्येक गुणसूत्राचा आपापला इलाका असतो, हे राहून जातं. थिओडोर बोवेरी यांनी ही कल्पना 1909 मध्येच मांडली होती. तरी पुढे कित्येक वर्षं अनेकांना केंद्रक म्हणजे शेवयांची वाटीच वाटायची. थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर यांच्या लेसर प्रयोगांनंतर बोवेरींचं म्हणणं पुन्हा पुढे आलं. माणसाचं 19 क्रमांकाचं गुणसूत्र जनुकांनी गच्च भरलेलं. ते बहुधा मध्याजवळ सापडतं. 18 क्रमांकाचं, कमी जनुकांचं, कडेला.

पालक विचारतात, "सर, हे परीक्षेला येणार आहे का?" नाही येणार. पण हाताला सहावं बोट असलेलं माणूस मुलांनी पाहिलेलं असतं. गर्भात बोटांची मांडणी ठरवणारं एक जनुक आणि त्याचं हातापायांपुरतं बटण यांत डीएनएच्या सुमारे दहा लाख अक्षरांचं अंतर आहे. धाग्याला घडी पडते म्हणून दोघं जवळ येतात. त्या बटणात एका अक्षराचा बदल झाला तरी कधी कधी जादा बोट येतं. हे सांगितल्यावर वर्गात चिडीचूप होते.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, विभाजन झाल्यावर प्रत्येकाला आपली जुनी जागा परत मिळते का?" नेमकी तीच नाही मिळत. शेजारी बदलतात. पण कडेचे बहुधा कडेलाच जातात.