भंगार कोणाला म्हणता?

गणपतीत सगळे घरी जमले की माझ्या टेबलावरच्या पेटीचा विषय निघतोच. यंदा काकांनी काढला. "अरे, भंगारवाला किलोवर नेईल. मोबाईलवर फुकट मेसेज जातो, मग हे डबडं कशाला?" तिथेच उत्तर दिलं असतं तर मोदक गार झाले असते. म्हणून इथे देतोय.

डबडं म्हणजे ऐंशीच्या दशकातला, दोन मीटर बँडचा हॅम रेडिओ सेट. तो केला गेला बोलण्यासाठी. मी त्याच्यावरून अक्षरं पाठवतो. याला पॅकेट रेडिओ म्हणतात. काँप्युटर मजकुराचे तुकडे करतो, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा कॉलसाइन लावतो, शेवटी चूक पकडणारा आकडा जोडतो आणि हे सगळं दोन सुरांत वाजवतो. एक १२०० हर्ट्झचा, दुसरा २२०० चा. दोन्ही सूर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात बसतात, त्यामुळे बिचाऱ्या रेडिओला वाटतं कोणीतरी बोलतंय! पूर्वी या कामाला टीएनसी नावाचा वेगळा डबा लागायचा. आता साउंड कार्ड आणि 'डायर वुल्फ' हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. जुना सेट ऐकण्यावरून बोलण्यावर यायला जरा वेळ घेतो, म्हणून सुरुवातीला थोडं थांबायला सांगायचं. झालं.

आता वेग. सेकंदाला १२०० बिट, म्हणजे फार तर १५० बाइट. पाच एमबीचा एक फोटो पाठवायचा तर नऊ तासांहून जास्त! देवनागरीचं तर एकेक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं. पण "आम्ही सुखरूप आहोत, शाळेत थांबलोय, औषधं हवीत" एवढं चार सेकंदांच्या आत जातं. काका, पुरात अडकल्यावर याहून मोठा निरोप कोण पाठवणार? आणि टॉवर पडला की तुमचा फुकटचा मेसेज जातो कुठे? माझी पेटी गाडीच्या बॅटरीवर चालते.

मान्य, ही मोबाईलची जागा घेणार नाही. परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, मजकूर सांकेतिक करता येत नाही, कोणीही वाचू शकतो. पण बिघडली तर मी झाकण उघडतो, वाळलेला कपॅसिटर शोधतो आणि बदलतो. तुमच्या फोनची बॅटरीसुद्धा तुम्हाला काढता येत नाही. मग भंगार कोणतं?

पण खरा राग काकांवर नाही, आम्हा हॅम मंडळींवरच आहे. भाषणात आम्ही २००४ च्या त्सुनामीचं नाव घेतो. अंदमानातून हॅमनी निरोप पोचवले, हे खरंच आहे. पण का जमलं? कारण ती मंडळी आधीच पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसली होती! आम्ही मात्र जुने सेट कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो, 'वेळ आली की काढू' म्हणून. वेळ आल्यावर केबल सापडत नाही.

पॅकेटची गंमत अशी की माणूस समोर नसला तरी चालतं. मधलं स्टेशन ऐकलेलं पॅकेट पुढे फेकतं, निरोप साठवूनही ठेवतं. पण मधलं स्टेशन चालू तर हवं! साखळीतली एक कडी कपाटात असेल तर बाकीच्या कड्यांचा उपयोग काय? नवा महागडा सेट घ्या असं मी म्हणत नाही. या कामाला जुनाच पुरतो, म्हणून तर सबब उरत नाही.

असो. काका, पेटी जागेवरच राहणार. आणि हॅम मित्रांनो, या रविवारी कपाट उघडा. सेट चालू करा, चालू ठेवा. कपाटात पडून राहणार असेल, तर मग काकाच बरोबर आहेत.