टिनाचं छप्पर आणि थोडंसं कॅडमियम

मे महिन्यात तेल्हाऱ्याला घरी गेलो होतो. भर दुपारी टिनांकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "एवढं तापून राह्यलं, यातून करंट काढता येत नाही काय तुम्हाले? कायचे इंजिनिअर बे तुम्ही!"

सवयीने हिशोब मांडला. टिन 60 अंश, विहिरीचं पाणी 28. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाला नुसती उष्णता पुरत नाही, हा फरक लागतो. 'झेडटी' 1 असलेला, म्हणजे बऱ्यापैकी चांगला पदार्थ घेतला तरी त्यातून जाणाऱ्या उष्णतेच्या पावणेदोन टक्केच वीज मिळते. साधं सोलर पॅनल उन्हाची वीसेक टक्के देतं. विषय संपला.

पण हा झेडटी वाढत का नाही? कॉलेजात डोपिंग शिकलो ते एवढंच, की सिलिकॉनमध्ये फॉस्फरस टाकला की इलेक्ट्रॉन वाढतात. पाच मार्क! माझ्या मते हे अर्धवट शिकवणं आहे. वाहक वाढवले की वाहकता वाढते, पण दर अंशामागे मिळणारं व्होल्टेज घटतं, वर ते उष्णताही वाहून नेतात. किती टाकलं यापेक्षा ऊर्जेचे पट्टे (बँड) कसे बदलले, ते बघायला हवं. 2011 मध्ये सोडियम टाकलेल्या लेड टेल्युराइडमध्ये सेलेनियम मिसळून दोन पट्टे एका पातळीवर आणले गेले. एका जिन्यावरची गर्दी दोन जिन्यांत वाटली जावी तसं. झेडटी 850 केल्विनला 1.8 झाला.

त्याहून भारी वाटलं ते 2021 चं, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधलं काम. कनिष्क बिस्वास यांचा गट, आणि थिअरीच्या बाजूने आपले आयआयटी मुंबईत शिकलेले उमेश वाघमारे. सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये चांदी आणि अँटिमनीचे अणू अस्ताव्यस्त बसतात, त्यामुळे पट्ट्यांच्या कडांना शेपट्या फुटतात आणि वाहक त्यांत अडकतात. यात 6 टक्के कॅडमियम टाकलं, तर गोंधळ वाढण्याऐवजी अणू ओळीत बसायला लागले! शेपट्या ओसरल्या, आणि उष्णतेची वाट अडवणारी नॅनो-रचना आपोआप तयार झाली. झेडटी 2.6. डोपिंग म्हणजे भेसळ, हे माझं गणितच चुकलं होतं.

अर्थात हे 300 अंशांना. तेवढं तापमान भट्टीपाशी मिळतं, आमच्या टिनांवर नाही. आणि कॅडमियम विषारी, चांदीचे भाव तर विचारूच नका.

रात्री जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग ताटात हात धुताना म्हणाले, "बरं, मंग पॅनलचं पाह्य आधी."