पीतबिंदूचा वारसा

मुरुमसारख्या बाजारगावात घराण्याचा वारसा म्हटला की प्रथम दुकान, गोदाम, शेत आणि देणीघेणी यांचाच विचार होतो. तूर-सोयाबीनच्या अडतीवर ज्यांनी उभे आयुष्य घालविले, अशा वडीलधाऱ्यांच्या मागे काय शिल्लक राहिले याची नोंद वहीत सापडते. मात्र एक नोंद कोणत्याच वहीत नसते. सत्तरीनंतर आजीला समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येईनासा झाला, कडेचे दिसे पण मधले दिसेना. घरच्यांनी ‘म्हातारपण’ म्हणून ते सोडून दिले. पुढे मुलाने साठी ओलांडली आणि नेत्रतज्ज्ञाने त्याच्या डोळ्यांत पिवळसर ठिपके असल्याचे सांगितले, तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, हे आईकडून आले काय? आणि आता नातवंडांचे काय?

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा अगदी लहानसा भाग असतो. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे त्याच्याकडे आहेत. वयपरत्वे त्याखाली चरबी व प्रथिने यांचा गाळ साचू लागतो. या साठ्यांना ड्रुझेन म्हणतात. ते मध्यम आकाराचे, म्हणजे 63 ते 125 मायक्रॉनपर्यंतचे असले, तर तो ऱ्हासाचा प्रारंभिक टप्पा मानतात. या टप्प्यात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणूनच तो निसटतो. मोतीबिंदूशी त्याचा संबंध नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी मागे पीतबिंदू बिघडलेला असेल तर दृष्टी अपेक्षेइतकी सुधारत नाही, आणि दोष उगाच शस्त्रक्रियेवर जातो.

आनुवंशिकतेचा धागा 2005 साली हाती लागला. पहिल्या गुणसूत्रावरील ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’ या जनुकातील एका फरकाचा या ऱ्हासाशी घट्ट संबंध असल्याचे त्या वर्षी एकाच वेळी अनेक संशोधकगटांनी दाखविले. रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ ही जंतूंवर तुटून पडणारी व्यवस्था आहे, आणि फॅक्टर एच तिला आवर घालतो. त्या प्रथिनाच्या 402 व्या स्थानी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन आले की हा आवर सैल पडतो. पहारेकरी चोर गेल्यावरही लाठी फिरवीत राहावा आणि घरचीच भांडी फुटावीत, तसा हा प्रकार. त्याच काळात दहाव्या गुणसूत्रावरील एआरएमएस2 व एचटीआरए1 ही जोडीही पुढे आली. ही दोन जनुके इतकी शेजारी-शेजारी आहेत की खरा दोषी कोण, यावर शास्त्रज्ञांचा वाद दीर्घकाळ चालला.

हे संशोधन प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले होते, म्हणून भारतीयांना ते लागू पडते काय, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर मुरुमकरांना परक्या नसलेल्या हैदराबादेतून आले. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी 2006 मध्ये भारतीय रुग्णांतही 402 व्या स्थानाचा तोच फरक जोखमीशी जोडलेला असल्याचे प्रसिद्ध केले. दहाव्या गुणसूत्रावरील फरकांचीही त्यांनी पुढे खातरजमा केली. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर नागपूरजवळील आठ खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तिशीपुढील 4,711 जणांचे डोळे तपासण्यात आले. त्या पाहणीत अंतिम टप्प्यातील ऱ्हास अत्यल्प आढळला. खेड्यापाड्यांतील घराण्यांना यात काहीसा दिलासा आहे.

मग प्रारंभिक टप्प्यावर जनुकांचा हात किती? 2013 साली 4,089 प्रारंभिक रुग्ण व 20,453 निरोगी व्यक्ती यांची एकत्रित तुलना प्रसिद्ध झाली. त्यातही हीच दोन स्थाने ठळक दिसली, परंतु त्यांचा प्रभाव उशिराच्या टप्प्यातील प्रभावापेक्षा सौम्य होता. याचा अर्थ व्यापाऱ्यांना चटकन उमगावा. वारशाने आलेले देणे खरे, पण सुरुवातीला त्याची रक्कम मोठी नसते. पुढे ती कशी वाढते हे वय, धूम्रपान आणि आहार यांवर बरेच अवलंबून असते. प्रत्येक अपत्याला आईच्या दोन प्रतींपैकी एक व वडिलांच्या दोनपैकी एक मिळते, त्यामुळे सख्ख्या भावंडांचा वाटाही सारखा नसतो. दोन्ही प्रती सदोष असूनही ज्यांची दृष्टी अखेरपर्यंत शाबूत राहिली, अशी माणसे आहेतच. स्थळ पाहताना आजीच्या अंधत्वाची गोष्ट दडविण्याची किंवा तीवरून नकार देण्याची रीत म्हणूनच अडाणीपणाची आहे.

आहाराविषयीची नोंद नेदरलँड्समधील रॉटरडॅमची आहे. तेथे 55 वर्षांपुढील 2,167 जणांच्या दीर्घ निरीक्षणात, सदोष प्रती दोन्ही असलेल्यांत प्रारंभिक ऱ्हासाची जोखीम कमी जस्त खाणाऱ्यांमध्ये सव्वादोन पट, तर भरपूर जस्त खाणाऱ्यांमध्ये सुमारे सव्वा पट दिसली. 2011 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा निरीक्षणाने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरा व इतर डाळी ताटात वाढविण्यात तोटा कसला? डाळी भिजवून शिजविल्यास त्यांतील जस्त शरीराला अधिक मिळते. पीतबिंदूला पिवळा रंग देणारी ल्युटिन व झियाझँथिन ही द्रव्ये हिरव्या पालेभाज्यांत मुबलक असतात. चातुर्मासात किंवा अष्टमी-चतुर्दशीला ज्यांचा पालेभाजीचा त्याग असतो, त्यांना पिवळा मका हा एक पर्याय आहे, आणि उरलेल्या दिवसांत पालेभाजीचे प्रमाण वाढविता येते. गाजर न खाणाऱ्यांनी हळहळू नये, कारण पीतबिंदूतील हे पिवळे रंगद्रव्य गाजरातील बीटा-कॅरोटीनचे नसते.

औषधी दुकानांत ‘डोळ्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या महाग गोळ्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. 2001 मधील अमेरिकेच्या मोठ्या चाचणीत अशा मिश्रणाने मध्यम व पुढील टप्प्यातील रुग्णांची घसरण सुमारे 25 टक्क्यांनी रोखली, पण प्रारंभिक टप्प्यात त्यांचा उपयोग दिसला नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनयुक्त गोळ्या तर घेऊच नयेत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जनुकतपासणीही सरसकट करू नये, असेच अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे, कारण तिच्या निकालावरून उपचार बदलत नाही.

ज्या घरात आई-वडील किंवा भावंडांना हा विकार आहे, तेथील पन्नाशी उलटलेल्यांनी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. वहीतील सरळ रेघा एकाएकी वाकड्या दिसू लागल्या, तर ती ‘ओल्या’ प्रकाराची खूण असू शकते. त्यावर आता डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत आणि तेथे दिवसांचाही उशीर महागात पडतो. तपासणीच्या थेंबांनी काही तास जवळचे अंधूक दिसते, तेव्हा बाजार बंद असलेला दिवस निवडावा आणि गाडी चालविण्यास कोणाला तरी सोबत न्यावे.