दिवा बंद करून जीवदया होत नाही



आज थोडं कडक लिहिणार आहे. विषय सापाचा आहे. रानातल्या सापाचा नाही, घरात काचेच्या टाकीत पाळलेल्या सापाचा.

कुणाच्या मुलानं, कुणाच्या नातवानं ‘बॉल पायथन’ नावाचा साप आणलेला असतो. आईला विचारलेलं नसतं. टाकी आली, दिवा आला, मग आईला कळलं. तिला राग येणं साहजिक आहे, मलाही आला असता. पण त्यानंतर आपल्याच बायका तिला जे सल्ले देतात, ते ऐकून मला गप्प बसवत नाही. पहिला सल्ला: ‘दिव्यावर किडे येऊन मरतात, बंद कर तो. आपल्याकडे कुठे एवढी थंडी?’ दुसरा: ‘टाकीत ओलं काही ठेवू नकोस, ओलाव्यात जीव पडतात.’ तिसरा: ‘एवढं पाप घरात कशाला? रानात सोडून दे, जीवदया होईल.’ तिन्ही सल्ले धर्माच्या नावानं दिले जातात आणि तिन्हींमध्ये साप मरतो. फक्त आपल्या डोळ्यांसमोर, एका घावात मरत नाही, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.

आधी दिव्याचं पाहू. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. सापाचं करत नाही. त्याला लागणारी सगळी ऊब बाहेरून मिळावी लागते. आपला जठराग्नी पोटात असतो, त्याचा बाहेर असतो म्हणा ना. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेचा, घाना, टोगो, बेनिन या भागातला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. टाकीत त्याला एका बाजूला साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७ अंश लागतात. दोन्ही बाजू हव्यात, कारण ऊब घ्यायला तो इकडे येतो आणि निवायला तिकडे जातो. हीच त्याची अंग राखायची रीत आहे. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. त्या रात्री दिवा काढला, तर खाल्लेलं त्याला पचत नाही, ते पोटात सडतं किंवा तो ओकून टाकतो. रोगाशी लढायची ताकद जाते, छाती भरते, तोंडातून बुडबुडे यायला लागतात. तोंड उघडं टाकून श्वास घेणारा साप ‘शांत झाला’ असं आपल्याला वाटतं. तो आजारी असतो.

आणि किड्यांचं म्हणाल, तर त्यावर साधा उपाय आहे. सापाला रात्री उजेड नकोच असतो, त्याला अंधारच हवा. उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो, तो लावा. त्यावर किडे येत नाहीत. मात्र जाळीच्या बाहेर लावा, साप त्याला वेटोळं घालणार नाही असा. आणि थर्मोस्टॅटशिवाय कोणताही हीटर लावू नका. खालून तापणाऱ्या जागेवर साप अंग भाजेपर्यंत पडून राहतो, त्याला ते वेळेवर समजत नाही. थर्मोस्टॅट ठरलेल्या अंशावर वीज तोडतो. म्हणजे जीवही वाचतो आणि वीजही.

आता ओलावा. हा सल्ला देणाऱ्या बायकांचं मला जास्त आश्चर्य वाटतं, कारण उष्णता आणि ओल यांचा हिशेब जैन बाईइतका कोण ठेवतं? आपल्या घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. पीठ तेच, डबा तोच, बाई तीच. बदलते ती हवेतली ऊब आणि ओल. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. हे आपण लहानपणापासून पाळतो, घड्याळ लावून पाळतो. ऋतूबरोबर जीवाची स्थिती बदलते हे ज्यांना स्वयंपाकघरात कळतं, त्यांना ते टाकीपाशी आल्यावर का कळू नये?

बॉल पायथनला हवेत साधारण ६० टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या वेळी थोडी जास्त. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली जाते. एसी आणि दिव्याची धग ती आणखी कमी करतात. अशा कोरड्या टाकीत कात एका अखंड नळीसारखी निघत नाही, तुकडे तुकडे होऊन अंगावर राहते. शेपटीच्या टोकाला राहिलेली कात वाळून आवळते आणि तिथलं रक्त तोडते. डोळ्यावरचा पापुद्रा राहिला तर साप नीट पाहू शकत नाही, आणि कुणी तो नखानं काढायला गेलं तर डोळाच जातो. हे सगळं ‘जीव पडू नयेत’ म्हणून!

उलट चूकही होते. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात हवा आधीच भिजलेली असते. तिथे रोज फवारे मारले तर खालचं अंथरूण चिखल होतं, बुरशी येते, सापाच्या पोटाकडचे खवले कुजतात. म्हणजे ‘ओलं ठेवा’ हाही मंत्र नाही. हवा दमट हवी, पण अंथरुणाचा वरचा थर कोरडा. कुंड्यांना घालतो ते नारळाच्या काथ्याचं कोकोपीट बोटभर जाड पसरा. काचेवर फवारण्यापेक्षा पाणी कोपऱ्यांतून, खालच्या थरात सोडा. जाळीचं झाकण अर्धं झाका, पण हवा खेळती राहू द्या. घाण झालेला भाग त्याच दिवशी काढा. सापाचे डोळे निळसर दुधाळ झाले की कात येणार असं समजा आणि दमट फडकं घातलेला, भोक पाडलेला एक डबा आत ठेवा. कात अडकलीच तर ओढू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

तिसरा सल्ला, रानात सोडण्याचा. आफ्रिकेतला, टाकीत जन्मलेला साप ताम्हिणीत सोडणं म्हणजे त्याला तिथे टाकून येणं. एक तर तो थंडीनं, उपासानं किंवा काठीनं मरेल, नाहीतर जगला तर आपला रोग तिथल्या सापांना देईल. आपल्या हातून सुटला म्हणजे पापातून सुटलो, हे कुठल्या शास्त्रात आहे?

शास्त्रात उलट काय आहे ते आपण पाठशाळेत शिकलो आहोत. अहिंसाणुव्रताचे अतिचार पाच: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जीव घेणं ही वेगळी गोष्ट. बांधून ठेवणं आणि खाण्यापिण्यापासून अडवणं हे आचार्यांनी स्वतंत्रपणे सांगितलं. काचेची टाकी हा बंध झालाच. त्यात ऊब काढून घेतली की खाल्लेलं पचत नाही, मग अन्नपाननिरोध वेगळा काय असतो?

आपण पार्श्वप्रभूंच्या मस्तकावरच्या फण्यांना रोज हात जोडतो. तापसाच्या लाकडात सापाचं जोडपं आहे, हे पार्श्वकुमारांनी ओळखलं ती कथा मुलांना सांगतो. त्या तापसाला साप मारायचे नव्हते. तो आपल्या तपात होता आणि लाकडाच्या आत काय आहे हे त्यानं पाहिलं नव्हतं, एवढंच. प्रभूंकडे अवधिज्ञान होतं. आपल्याकडे ते नाही, पण काहीशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र मिळतं. दोन आणा, एक उबदार बाजूला ठेवा, एक थंड बाजूला. पाहायची सोय असून न पाहणं याला प्रमाद म्हणतात.

आता हौशी मुलांकडे वळते, कारण मी त्यांची वकील नाही. साप मांसाहारी आहे. तो दूध पीत नाही, दूध त्याला बाधतं. त्याला उंदीर लागतात. श्रावकाला निषिद्ध अशा पंधरा कर्मादानांत हिंस्र प्राणी पोसून त्यांच्यावर कमाई करणं येतं, आणि नुसत्या हौसेसाठी असा प्राणी ठेवणं हा अनर्थदंड आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: जैन घरात साप आणू नये. दुकानदार सांगतो, ‘काही कटकट नाही, आठवड्यातून एकदा खातो.’ तो साप २० ते ३० वर्षं जगतो हे सांगायला तो विसरतो. मी वाणिज्य शाखेची, मला हे देणं दिसतं. कर्जावर सही करतो १९ वर्षांचा मुलगा. तो बंगळूरला नोकरीला गेला की हप्ते आई फेडते. कायदाही आहे. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर करावी लागते.

पण आलेला असेल तर? तर निर्दोष वाट उरलेली नाही, हे मान्य करा. ठेवला तर उंदरांची हिंसा आहे, उपाशी मारला तर त्याची. त्यातल्या त्यात कमी हिंसेची वाट एकच: दुसरा आणायचा नाही, याची पिल्लं होऊ द्यायची नाहीत, विकून पैसे करायचे नाहीत, आणि हा आहे तोवर त्याची ऊब, ओल आणि पाणी चुकवायचं नाही. नीट सांभाळणारा, कागदपत्रांसह घेणारा कुणी मिळाला तर त्याच्याकडे द्या. मुलाशी भांडण असेल तर ते मुलाशी करा. आईनं मुलावरचा राग टाकीच्या बटणावर काढू नये.

तुमच्या किंवा बहिणीच्या घरी अशी टाकी असेल, तर आज झोपण्याआधी तिच्यातले दोन आकडे पाहा आणि मुलालाही पाहायला लावा. आकडे चुकले असतील तर प्रतिक्रमणाला बसायच्या आधी ते नीट करा.

जय जिनेंद्र.