छप्पर एक, चुली दोन

विधवा बहीण मुलासह भावाच्या घरीं राहावयास आली म्हणजे शेजारीपाजारी लागलीच सुचवितात कीं, हिचें नांव तुमच्या शिधापत्रिकेंत चढवून टाका. कचेरींतही तोच सल्ला मिळतो. आम्हीं महसूल खात्याच्या कारकुनींत असे अर्ज पुष्कळ पुढें पाठविले. त्यांतील कित्येक पाठवावयास नको होते, असें आतां म्हणणें प्राप्त आहे.

२०१३ सालच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यांत मापें दोन आहेत. प्राधान्य कुटुंबास माणशीं दरमहा ५ किलो धान्य. तेथें माणसें एका पत्रिकेवर असोत वा दोन, बेरीज तीच. अंत्योदयाचें माप मात्र कुटुंबागणिक ३५ किलो. मायलेक दोघेंच असलीं तरी ३५ किलोच. तींच दोन नांवें भावाच्या प्राधान्य पत्रिकेवर गेलीं कीं १० किलो उरतात. वर्षास ३०० किलोंची तूट! तीन क्विंटल धान्य कोरडवाहू रानांत पिकवून पाहावें, म्हणजे त्या एका सहीची किंमत कळेल. शिवाय अंत्योदयाचा इष्टांक ठरलेला असल्यामुळें सोडलेली जागा पुनः मिळणें दुर्घट.

चार महिन्यांच्या मुक्कामासाठीं तर नांव हलविण्याचें कारणच नाहीं. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली असून, आधार जोडलेलें असल्यास कोणत्याही रास्त भाव दुकानांत अंगठा देऊन धान्य उचलतां येतें.

चूल खरोखरच एक झाली असेल तर मात्र ती लपवूं नये. तो लबाडीचा मार्ग आम्ही कोणास दाखवीत नाहीं. आमची तक्रार छप्पर पाहून चूल ठरविणाऱ्यांविरुद्ध आहे. पी. एम. किसान योजनेंत कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें. एका वाड्यांत राहणारे दोन विवाहित भाऊ, ज्याच्या त्याच्या नांवें जमीन असल्यास, तेथें दोन कुटुंबें ठरतात. संजय गांधी निराधार योजनेंत विधवेच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावें लागतें. पत्रिका एकच दिसली कीं भावाच्या बागायतीचें उत्पन्न बहिणीच्या माथीं बसण्याचा संभव असतो.

एका बाईचा नांव कमी करण्याचा अर्ज आम्हींच लिहून दिला होता. भावजयीशीं न पटल्यामुळें सहा महिन्यांनीं ती आपल्या झोपडींत परतली. पत्रिका परतली नाहीं. पुढें दोन वर्षें ती कचेरीच्या पायरीवर दिसे, आणि आम्ही मागील दारानें जात असूं.

तहसील कचेऱ्यांनीं नांव चढविण्याच्या अर्जांत एवढाच एक रकाना वाढवावा: धान्य एकत्र शिजतें काय? त्याचें उत्तर अर्जदार बाईच्या तोंडून घ्यावें, भावाच्या नव्हे.