त्वचेचा चुना आणि श्रावकाची शंका

भांड्यांचा साबण, वारंवार हात धुणे आणि हिवाळ्यातील कढत पाणी या तिहींच्या माऱ्याने अनेक गृहिणींचे हात लाल व खरखरीत होतात, बोटांच्या पेरांना भेगा पडतात. पूजेचे गंध उगाळतानाही चुरचुरते. त्यावर लिंबू चोळणे म्हणजे दुखण्यात भर! त्याहून घातक म्हणजे कोणालाही न विचारता दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब. तिने चटकन आराम पडतो, मात्र महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील मृत पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असतात आणि त्यांमधील फटी स्निग्ध द्रव्यांच्या चुन्याने बुजलेल्या. या चुन्यात वजनाने सुमारे निम्मा वाटा सेरामाइडचा; उरलेला मुख्यतः कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा. साबण मळाबरोबर हा चुनाही ओढून नेतो. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी आणि साबणाची वडी अल्कधर्मी, त्यामुळे नवा चुना घडण्याचे कामही मंदावते. मग आतले पाणी उडते, बाहेरची क्षोभक द्रव्ये आत शिरतात. इसब असलेल्यांच्या त्वचेत सेरामाइड कमी आढळते. वयोमानानेही ते घटते.

सेरामाइडयुक्त क्रीम ही तूट भरण्यास हातभार लावते. तथापि एकटे सेरामाइड पुरत नाही. तिन्ही द्रव्ये योग्य प्रमाणात असल्यास भिंत अधिक लवकर सांधते. हात हलके टिपून, ओलसर असतानाच क्रीम लावावे आणि काही आठवडे धीर धरावा. किंमत परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही पाणी उडू देत नाही. ती खनिज तेलापासून बनते, हा आपल्या दृष्टीने आणखी एक गुण.

कारण श्रावकाच्या घरी पुढचा प्रश्न येतोच: हे सेरामाइड येते कोठून? पूर्वी ते गुरांच्या मेंदूसारख्या अवयवांतूनही काढीत. आता बहुधा यीस्टच्या किण्वनातून व रासायनिक प्रक्रियेने घडवतात, किंवा तांदळाचा कोंडा, गहू यांतून मिळवतात. जपानमध्ये कोन्याकू नावाच्या कंदापासूनही ते काढतात. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. यीस्टविषयी ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. खरी मेख मात्र शेजारच्या घटकात आहे. अशा क्रीममधील कोलेस्टेरॉल पुष्कळदा मेंढीच्या लोकरीवरील मेणापासून काढलेले असते. वेष्टनावर घटकाचे नाव छापतात, उगम नव्हे. वनस्पतिजन्य कोलेस्टेरॉलही उपलब्ध असते. म्हणून कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच मागावे. तोंडी आश्वासनाला येथे अर्थ नाही.

भेगांतून पाणी अथवा पू येत असेल, तर क्रीमच्या शोधात दिवस न दवडता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.